चिठ्ठी न मानणारा ऑपरेटर

धाराशिवच्या आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आले, तेव्हा त्यांच्यासोबत बेंबळीचा एक ऑपरेटरही आला. कर्नेल, म्हणजे मशीनला जागं करणारा मूळ प्रोग्राम, कोणत्या आवृत्तीचा आहे हे तो फ्लॉपीवरची चिठ्ठी वाचून कधीच ठरवत नसे. "चिठ्ठी माणूस लिवतंय, भाऊ. आतलं बघू," म्हणायचा. मग फायलीतली वाचता येणारी अक्षरं पडद्यावर काढून, त्या गिचमिडीत आवृत्तीचा आकडा सापडेपर्यंत बोट फिरवत बसायचा. मला हा सगळा रिकामा उद्योग वाटे.

दुष्काळात एका सकाळी मोठं मशीन सुरूच होईना. जळकोटकडच्या पाण्याच्या टँकरांची यादी त्यात अडकली होती. साहेब म्हणाले, "नवं कर्नेल घाला, लवकर. जुनं चढलं तर यादी जाईल."

'नवं' लिहिलेली फ्लॉपी त्यानं आधी शेजारच्या मशीनमध्ये घालून बघितली. आत जुनाच आकडा निघाला. नवा निघाला 'जुनं' लिहिलेल्या फ्लॉपीत. आदल्या दिवशी धूळ पुसताना सुटलेल्या चिठ्ठ्या मीच मोठ्या हुशारीनं परत चिकटवल्या होत्या.

"कुणी केलं हे?" साहेबांनी विचारलं.

"उन्हानं डिंक सुटतोय, साहेब," तो म्हणाला, नव्या आकड्याच्या फ्लॉपीनं मशीन सुरू केलं आणि यादी छापायला लावली.

साहेब गेल्यावर त्यानं दोन कोऱ्या चिठ्ठ्या माझ्यापुढं सरकवल्या. "लिवा, भाऊ. तुमचं अक्षर लई चांगलंय."

मी पेन उचललं. तो एकेक आकडा सांगायचा, आणि माझं लिहून होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहायचा.