मृगाची आखणी

हमरापुरात मी गणपतीची आखणी करते. आखणी म्हणजे डोळे काढणं. बाकीचा रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो, डोळे चुकले की मूर्ती गेली. इतकी वर्षं डोळे काढले आणि सगळे पाण्यात गेले. त्याचं दुःख करायचं नसतं, बाप्पा जायलाच येतो. पण खरं सांगते, माझ्या हातचं काहीतरी मागे राहावं असं मला फार वाटायचं. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर लोक म्हणाले असते, हिला शिंगं फुटली.

म्हणून रोह्याच्या एक निवृत्त शिक्षिका कारखान्यात आल्या आणि पुस्तिकेसाठी चित्र काढशील का म्हणाल्या, तेव्हा मी ब्रश खाली न ठेवताच हो म्हटलं.

बाईंना मृग नक्षत्रावर साध्या माणसांसाठी लिहायचं होतं. मृग आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी, पण पाहिलेला कुणीच नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच होतं. जूनमध्ये मृग लागला की आमच्या सासूबाई भाताच्या पेरणीला लागतात. पण त्या दिवसांत सूर्य त्याच नक्षत्रात असतो म्हणून तारे दिसत नाहीत, आणि तेच तारे थंडीत संध्याकाळी पूर्वेला झळकतात, हे आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

बाईंनी समजावून सांगितलं. चार कोपऱ्यांना चार तारे, ते हरणाचे पाय. मधोमध एका ओळीत तीन, तो पोटात घुसलेला बाण. ती ओळ धरून खाली उतरलं की बाण मारणारा व्याध, सगळ्यांत तेजस्वी. डावीकडचा एक पाय तांबूस, उजवीकडचा एक निळसर पांढरा. अट एकच होती. ज्याने मृग कधी पाहिला नाही त्याला नुसत्या चित्रावरून तो सापडला पाहिजे. नाही सापडला, तर त्यांचा पुतण्या कंप्युटरवर दुसरं चित्र करून देणार होता.

पावसाळा संपत आला होता, आभाळ अजून झाकलेलं. मी ऐकलं तसं काढलं. हरीण असं उतरलं की त्याच्या डोळ्यांतून आता पाणी येईल. म्हटलं, पुतण्याचा कंप्युटर काय झक मारतो.

जानेवारीत शेतात पोपटी लावली तेव्हा बाईंना मुद्दाम बोलावलं. वालाच्या शेंगा आणि अंडी भांबुर्ड्याच्या पाल्यासकट मडक्यात भरली, मडकं उपडं घातलं आणि भोवती जाळ केला. बाईंनी चित्राच्या रंगीत झेरॉक्स वाटल्या आणि स्वतः गप्प बसल्या. रोह्यात कंपन्यांच्या दिव्यांपुढे अर्धे तारे दिसतच नाहीत, इथे पूर्वेचं आभाळ गच्च भरलेलं होतं. तरी मृग कुणालाच सापडेना. दिराने विमान दाखवलं. जाऊ म्हणाली, पोपटीचा वास लागून हरीण पळालं असेल. सगळे हसले, मी सोडून.

तांबूस तारा चित्रात एकीकडे होता आणि वर दुसरीकडे. बाईंनी हळूच विचारलं, डावं-उजवं कुणाचं धरलंस? तेव्हा माझी ट्यूब पेटली. आमच्या धंद्यात डावं-उजवं नेहमी मूर्तीचं. उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे सोंड बाप्पाच्या उजवीकडे, बघणाऱ्याच्या डावीकडे. मी मृगालाही मखरात समोर बसवल्यासारखा काढला होता. सगळं नक्षत्र आरशातल्यासारखं उलटं.

बाई रागावल्या नाहीत, त्याचाच मला जास्त राग आला. आता पुतण्याचं चित्र छापणार आणि माझं पुन्हा काहीच राहणार नाही. मी कागद जाळात टाकायला हात उचलला.

शेजारी बसलेल्या सासूबाईंनी तो ओढून घेतला. हातात आला तसाच धरला, कोरी बाजू स्वतःकडे आणि चित्र जाळाकडे. पातळ कागदातून उजेड आला आणि हरीण मागच्या बाजूने उमटलं. त्यांनी कागद बघितला, वर बघितलं, पुन्हा कागद बघितला.

"ह्यो काय समोर," त्या म्हणाल्या. "बाणाच्या तीन चांदण्या, खाली व्याध. तांबडी डाव्या अंगाला. व्हय ना गो?"

बाई उठून त्यांच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने हो म्हणाल्या. मग एकेकाने आपापला कागद उलटा करून जाळासमोर धरला, आणि एकेकाचा हात वर जायला लागला. सासूबाईंनी जन्मभर ज्याच्या नावाने पेरलं तो त्यांना आज पहिल्यांदा दिसत होता. त्यांच्या वाटणीच्या शेंगा गार झाल्या तरी त्यांची मान खाली येईना. मला फार आनंद झाला.

पुस्तिकेसाठी मीच पुन्हा चित्र काढलं, सुलट. छापून आली तेव्हा माझी प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली. कुणी हात लावायचा नाही अशी घरात ताकीद दिली.

जूनमध्ये मृग लागला त्या सकाळी बघते तर पुस्तिका देव्हाऱ्यापुढे उघडी. माझ्या हरणावर हळदकुंकू, वर ओल्या अक्षता चिकटलेल्या. पान कायमचं डागाळलं होतं. माझा स्वभाव तिखट आहे, शब्द अगदी ओठांवर आले होते. सासूबाई बियाण्याची पाटी घेऊन शेताकडे निघाल्या होत्या. माझा चेहरा बघून त्या दारातच थांबल्या.

"आज तो वर दिसत नाय, म्हणून ह्याला पुजला," त्या म्हणाल्या. "आन ह्यो बुडवायचा नाय हां, सांगून ठेवतंय."