पाचव्या नंबरची टीम

बाबा गेले तेव्हा माझा धाकटा भाऊ अमेरिकेहून आला नाही. सुट्टी मिळत नाही, म्हणाला. मी फोनवर एवढंच म्हटलं, "राहू दे, मी आहे ना." त्यानंतर दोन वर्षं मी त्याच्याशी धड बोलले नाही. राखी पोस्टाने पाठवायचे, पण पाकिटात चिठ्ठी नसायची.

मग एका एप्रिलमध्ये, सकाळी साडेसातला, मी शाळेत निघायच्या गडबडीत असताना त्याचा फोन आला. तिकडे संध्याकाळ होती, मागे टीव्हीवर गलका चालला होता.

"ताई, आमची टीम टॉपवर आहे!"

"कुठली टीम?"

"बेसबॉलची, आमच्या शहराची. सीझन आत्ताच सुरू झालाय आणि आम्ही पहिले!"

मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण एवढ्या दिवसांनी तो बोलत होता, म्हणून मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. पाच टीमचा एक गट, त्याला डिव्हिजन म्हणतात. सहा महिने जवळजवळ रोज सामना. कोण पहिल्याच्या किती मागे, याचा तक्ता रोज बदलतो. मी गणिताची मास्तरीण. खेळाआधी मला तो तक्ताच समजला.

"मग यंदा तुम्हीच जिंकणार?"

"अगं, ये तो अप्रैल है. एप्रिलच्या तक्त्याला कोणी विचारत नाही. पण बघायला बरं वाटतं ना!"

ऑगस्टपर्यंत त्याची टीम चौथी झाली. तरी पुढच्या एप्रिलला त्याचा फोन आलाच, आणि मग दर वर्षी येत राहिला. पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, खांदा दुखावला, नवा खेळाडू चांगला निघाला, असं तासतासभर चालायचं. बाबांविषयी मात्र आम्ही कधीच बोललो नाही. मी विषय काढायला हवा होता. मी मोठी होते.

मागच्या फेब्रुवारीत त्याला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. माझ्याकडे पासपोर्टसुद्धा नव्हता. भावजय म्हणाली, "ताई, तुम्ही नुसतं बोला. त्यांना सगळं कळतं." ती फोन त्याच्या कानाशी धरायची आणि मला काही सुचायचं नाही. कसा आहेस विचारलं तर उत्तर कोण देणार?

मग सीझन सुरू झाला. इतकी वर्षं तक्ता तोच सांगायचा, मी स्वतः कधी पाहिला नव्हता. आमच्या हिंदी मुलखातल्या गावात, टावर चौकातल्या मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "दीदी, क्रिकेट का स्कोर लगा दूँ?"

"नहीं भैया, बेसबॉल का."

त्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं, पण लावून दिलं.

त्याची टीम पाचवी होती. पाचातली पाचवी, आणि रोज हरत होती. पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं. पलीकडून नुसता त्याचा श्वास ऐकू आला. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "काल जिंकलात रे. तिसरे आलात." मग आठवडाभर मी त्याची टीम चढवत नेली. आयुष्यभर शाळेतल्या मुलींच्या वह्यांमधल्या चुका काढल्या आणि आता सकाळी सकाळी चहाचा कप पुढे ठेवून खोटे आकडे वाचत होते. ज्या दिवशी मी टीमला पहिल्या नंबरवर नेलं, त्या दिवशी फोनमधून एक विचित्र घरघर आली. मी घाबरले.

"काय झालं गं त्याला?"

भावजयीने फोन आपल्याकडे घेतला. "ताई, हसताहेत ते. समोर टीव्ही चालू असतो हो. त्यांना रोज दिसतो सगळा तक्ता."

म्हणजे आठवडाभर तो माझं खोटं ऐकून घेत होता. मी हसले, मग फोन ठेवून खूप रडले. दुसऱ्या दिवसापासून मी खरा तक्ता वाचू लागले. एकदा त्यातच थांबून म्हटलं, "बाबांच्या वेळी मी तुझ्यावर फार रागावले होते. आता नाही." त्याने ऐकलं की नाही, मला कळलं नाही. भावजयीला मी विचारलं नाही.

मे महिन्यात तो गेला. दुसरा झटका आला आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. अंत्यविधी मी फोनच्या पडद्यावर पाहिला.

तेराव्यानंतर सवयीने तक्ता उघडला. टीम चौथी झाली होती.

पावसाळा संपल्यावर भावजय अस्थी घेऊन आली. त्यांना मूलबाळ नव्हतं. नदीकाठी रामघाटावर पंडितजींनी विचारलं, "कौन करेगा?" तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी पाण्यात उतरले.

परतताना ऑटोत ती म्हणाली, "ताई, मला तो खेळ कधी आवडला नाही. संध्याकाळ झाली की तीन-तीन तास तेच. मी भांडायचे." मग म्हणाली, "आता मीच लावून ठेवते. बघत नाही, नुसता आवाज येऊ देते."

देवास गेटच्या गर्दीत ऑटो अडकली होती आणि आम्ही दोघी आपापल्या बाजूला पाहत बसलो होतो.