बाबांनी धरलेली झील

संप फिसकटला आणि बाबांना गिरणीने परत घेतलंच नाही. नायगावच्या बीडीडी चाळीत असे घरोघरी होते. बाबा वॉचमन झाले, पण गायन पार्टीत झील धरणं त्यांनी सोडलं नाही. झील धरायची म्हणजे मुख्य गायकाच्या मागे उभं राहून त्याची ओळ उचलायची आणि तो दम घ्यायला थांबला की सूर खाली पडू द्यायचा नाही. जयंतीच्या मंडपात गाणं पडलं तर लोक झीलकऱ्यालाच शिव्या घालतात.

मी वाढलो त्या मंडपात आणि नादी लागलो रॉकच्या. बाबांचं मत एका शब्दाचं होतं, "किंचाळतो." पुढे आमचा मराठी बँड जमला. गिटारवाला कफ परेडचा. मराठी त्याला माझ्या गाण्यांपुरती यायची. पहिली सीडी ठरली तेव्हा मी हट्ट धरला, की संपावरच्या गाण्यात बाबा माझ्यामागे गातील. आयुष्यात एकदा तरी आम्हा दोघांचे आवाज एकत्र यावेत, एवढंच मला हवं होतं.

रेकॉर्डिंगला बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. गिरणीचा भोंगा बंद पडल्याची एक ओळ होती, तिच्यानंतर सगळी वाद्यं थांबायची. ती कल्पना गिटारवाल्याची. मी ओळ संपवून थांबलो आणि बाबांनी सूर धरला. पुन्हा घेतलं, पुन्हा धरला.

"अंकल, इधर चुप रहना है. सायलेन्स!"

"अरे, पण तो दम घेतोय ना! त्याला एकटा टाकू काय?"

गिटारवाला हसला. माझं डोकं सणकलं. "राहू दे तसंच," मी म्हटलं. त्याने मान डोलावली.

सीडी हातात आली तर बाबा अख्ख्या गाण्यातून गायब! मी गिटारवाल्याची आईबहीण काढली. तो थंडपणे म्हणाला, "गाना बेटर झालाय यार." झालं होतंच. त्याचाच जास्त संताप आला.

बाबांनी शेजाऱ्यांकडे बसून सीडी पूर्ण ऐकली, घरी आले आणि आईकडे चहा मागितला.

मग दादरच्या कार्यक्रमात मी कुणाला न विचारता बाबांना स्टेजवर घेतलं. गिटारवाल्याचं तोंड कडू झालं; होऊ दे म्हटलं. पहिल्या ओळी बाबांनी अशा उचलल्या की शिट्ट्या पडल्या. भोंग्याची ओळ आली. मी मुद्दाम लांब थांबलो. आता धरा, बाबा, सगळ्यांना ऐकू द्या.

मागून काहीच आलं नाही. वळून पाहिलं तर बाबा ओठ घट्ट मिटून उभे होते.

टाळ्या भरपूर पडल्या. स्टेजमागे बाबांनी घाम पुसला आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "आता बरोबर थांबलो ना रे? शेजारी सीडी लावून लावून शिकलो."

मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं, गळ्यात पडून रडायचं होतं. त्यांचे डोळे शाबासकीची वाट पाहत होते.

"एकदम बरोबर, बाबा," मी म्हटलं.