नुसता फ्लॅश

तिसगावचा आमचा फोटोग्राफर फार गोड बोलायचा. ते रोलचे दिवस होते. लग्नात कुणी गरिबाने आग्रह केला, की तो रोल वाचवायला नुसता फ्लॅश उडवायचा आणि "झकास आला," म्हणायचा. वस्तीतला पहिला पदवीधर म्हणून माझा सत्कार झाला, तेव्हा आई पदर सावरून माझ्याशेजारी उभी राहिली. फ्लॅश उडाला. फोटो मागायला गेलो, तर म्हणाला, "पाहुन्यांपुरताच रोल हुता, भाऊ."

पुढे आई वारली. तिचा एकही फोटो घरात नाही.

परवा मुलीच्या बारशाला तो डिजिटल कॅमेरा घेऊन आला. सारखं बटण दाबत म्हणाला, "आजीला बी बोलवा की. आता रोलची काळजी न्हाई."