कागदी पेला, चतुःसीमेसह

लेखी मजकुरावर माझ्या साडभाऊंइतका भरवसा ठेवणारा माणूस अख्ख्या मोताळा तालुक्यात सापडायचा नाही. पंचवीस वर्षं खरेदीखतं लिहून लिहून त्यांच्या बोलण्यालाही चतुःसीमा आल्या आहेत. जेवताना मीठ हवं असलं तर ते ‘वरणाच्या पूर्वेस असलेली वाटी’ मागतात. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी माझ्या टकलाचं चारी बाजूंच्या हद्दींसह असं काही वर्णन केलं, की शेजारच्या पाहुण्यानं भाव विचारला.

साखरेच्या आजारानं त्यांच्या बायकोची, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीची, दृष्टी गेली. कापूस वेचण्यात जिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, ती ताई दिवसभर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसू लागली. साडभाऊंना ते हात बघवेनात. कुणीतरी सुचवलं, कागदाच्या घड्या शिकवा, बोटं कामाला लागतील. त्यांनी तिची बोटं धरून सुरुवात केली, तर तिनं हात काढून घेतला. “माहा हात नका धरू. तोंडानं सांगा. जमलं तं जमलं.”

तोंडी कशाला, लेखीच देतो, म्हणून साडभाऊंनी दस्त तयार केला: ‘सदर चौरस कागदाचा नैऋत्येकडील कोपरा ईशान्येकडील कोपऱ्यास मिळवून घडी घालावी.’ करायचा होता पाणी प्यायचा पेला. चाचणीला माझी निवड झाली, कारण मला समजलं तर कुणालाही समजेल, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. डोळ्यांवर दुपट्टा बांधून मी अर्धा तास खपलो. तयार झालेली वस्तू पाहून माझ्या बायकोनं तिच्यात भजी ठेवली.

मग ताई बसली आणि साडभाऊ वाचू लागले. चार घड्या बिनचूक झाल्या. पाचवीला दस्त म्हणाला, कागद पालथा करून ईशान्येकडील टोक दुमडावे. ती थांबली.

“मी कागद पालथा केला, तं पूर्वही पालथी झाली, का जाग्यावरच हाये?”

साडभाऊंनी लिहिलेली एकही जमीन आजवर उलटली नव्हती. ताईनं कागद चुरगळून बाजूला ठेवला आणि हात पुन्हा मांडीवर नेले. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी ते कोरा कागद तिच्या हातात देऊन समोर बसले आणि म्हणाले, “तू सांग, मी लिहितो.” संसारात मजकूर त्यांनी पहिल्यांदाच दुसऱ्यावर सोपवला होता. तिनं कागद चारी बाजूंनी चाचपला. “पोटाजवळची कड म्हना. पोटापासून लांबची म्हना. घडीची बाजू अन् मोकळी बाजू म्हना. दिशा राहू द्या तुमच्या वावरात.” त्यांनी शब्दही न बदलता लिहून घेतलं. संध्याकाळी ताई स्वतः केलेल्या पेल्यातून पाणी प्याली.

आता रोज कचेरीतून आले की साडभाऊ चष्मा लावून तो मजकूर तिला वाचून दाखवतात. परवा मी गेलो तेव्हा दुसरी घडी चालली होती. ताईच्या पदराखाली पुरा झालेला पेला मला दिसला. साडभाऊंना तो दिसत नव्हता, की दिसूनही ते न पाहिल्यासारखं करत होते, कोण जाणे. ते पुढच्या घडीवर निघाले, तशी ती म्हणाली,

“सावकाश वाचा ना. घाई काऊन करता?”