पाच आणि दोन बावन्न

करी रोडच्या चाळीत वाढलेल्या मेघना घाडीचा राग तिच्या परळच्या ऑफिसात शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होता. ऑफिस इस्पितळांसाठी सॉफ्टवेअर करायचं, आणि प्रत्येकाचा कोड वाचून मंजूर करणं हे मेघनाचं काम. त्यांची प्रोग्रॅमिंगची भाषा भलतीच समंजस! आकडा दिला काय नि अक्षर दिलं काय, विचारायची म्हणून नाही. आपल्या मनाने ठरवून मोकळी. या समंजसपणाचीच मेघनाला चीड. "बाहेरून आलेला आकडा खरंच आकडा आहे का, ते आधी बघा," हे बारा वर्षं सांगून तिचा घसा कोरडा पडला होता.

गावच्या गणपतीहून ती परतली त्याच सोमवारी इस्पितळातून फोन आला. मुलांच्या वॉर्डात नर्सने इन्सुलिनचे नेहमीचे पाच युनिट आणि जादाचे दोन संगणकात भरले, तर पडद्यावर बावन्न! भाषेने बेरीज केलीच नव्हती, दोन आकडे अक्षरांसारखे शेजारी चिकटवले होते. नर्स डोळे उघडे ठेवून काम करणारी होती, म्हणून सहा वर्षांची पोर वाचली.

मेघनाचं डोकं फिरलं. कोड तिच्या शेजारी बसणाऱ्या उन्मेषचा होता. सगळ्यांसमोर तिने त्याला उभा सोलला.

"पोरगी मेली असती रे! लाज नाही वाटली? आणि हे मंजूर कुठल्या गाढवाने केलं?"

तिने तणतणत स्वतःच मंजुरीची नोंद उघडली. मंजुरी मेघना घाडीची होती, गणपतीच्या दोन दिवस आधीची.

त्या दिवशी परळ डेपोत कणकवलीची एसटी लागलेली, काखेत मखराचं सामान, आणि फोनवर तिने सतरा बदल एकही ओळ न वाचता मंजूर केले होते. गावच्या गणपतीपुढे कोकणी माणसाला दुसरं काही सुचत नाही, हे खरंच. पण म्हणून पोराबाळांच्या जिवाशी खेळ? तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

यशोधन साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. "इस्पितळाला द्यायच्या अहवालात फक्त उन्मेषचं नाव टाक. तुझं आलं तर मंजुरीचं काम तुझ्याकडे राहणार नाही."

"काढूनच घ्या सर!" ती कडाडली. "वाचायचा पगार घेते मी, आणि वाचलं नाही."

जागेवर येऊन तिने अहवालात पहिलं नाव स्वतःचं लिहिलं. शेजारच्या टेबलावर उन्मेष बसला होता. त्याच्याकडे मान वळवायला तिला फार वेळ लागला.