झोपेतली चढाई

आमच्या गावात माझ्या दमाचं भारी कौतुक. कर्जतच्या आसपास कुठेही कबड्डीचे सामने असले की चढाईला मलाच पुढे करायचे. मग खालापूरकडच्या कारखान्यात नोकरी लागली, खेळ सुटला, जेवण मात्र तेवढंच राहिलं. पस्तिशीत मान चांगली जाडजूड झाली. त्याचंही कौतुकच झालं.

रविवारी मटणावर ताव मारून मी पडवीत आडवा व्हायचो. संघातले जुने गडी शेजारीच पत्ते कुटत बसायचे. मी घोरायचो, आणि मध्येच घोरणं एकदम थांबायचं. लगेच आमचा कप्तान बोटांवर मोजायला लागायचा. मी मोठ्याने श्वास ओढला की सगळे टाळ्या पिटायचे. "झोपंतपण चढाई करतंय येडं! दम हाय गड्यात!" बायको हे मला हसत हसत सांगायची आणि माझी छाती फुगायची.

सकाळी डोकं ठणकायचं, कंपनीच्या बसमध्ये डुलक्या लागायच्या. त्याचं खापर मी शिफ्टवर फोडलं. मग कारखान्यातल्या तपासणीत रक्तदाब इतका निघाला की त्यांनी मला थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे धाडलं. त्यांनी घोरण्याबद्दल विचारल्यावर बायकोने कौतुकाने दमाची गोष्ट सांगितली. डॉक्टर हसले नाहीत.

"ते दम धरत नाहीत. मान जाड झालीय, त्यामुळे झोपेत त्यांचा घसा बंद होतो."

झोपेची तपासणी झाली. श्वास रात्रभर अडत होता आणि त्या ओढाताणीत हृदयाची भिंत जाड व्हायला लागली होती. "या वयात?" बायकोने विचारलं. हे असंच चालू राहिलं तर हृदय थांबताना वय बघणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी घाबरलो. पोरगी नुकती शाळेत जायला लागली होती.

आता नाकावर मास्क लावून झोपतो, हवा सोडणारं यंत्र उशाशी असतं. गड्यांसमोर ते लावायची लाज वाटत होती. बायकोने यंत्र सरळ पडवीत आणून ठेवलं. "अवं, लाजून मरायचंय का तुमाला?"

त्या रविवारी गडी वाट बघत बसले. माझा श्वास काही थांबेना. "आज मजा नाय," म्हणत एकेक जण उठला. मला जाग आली तेव्हा एकटा कप्तान उरला होता. तो माझ्याहून लहान, मान माझ्याएवढीच.

"तुजा डॉक्टर कुठं बसतो रं?" त्याने हळूच विचारलं. "माजी बायकोपण मोजते."